हातचा एक

सोमवारी सकाळी नऊला फॅक्स खुरखुरतो.
तोक्योतल्या आमच्या ऑफिसात तो एकच उरलाय,
आणि तोही साकाता गावच्या मोरिवाकींसाठी.
बाकी साडेतीनशे दुकानांचे आकडे
रात्रीतून आपसूक येऊन बसतात रकान्यांत,
शहाण्या मुलांसारखे, हाताची घडी घालून.

मोरिवाकींचा कागद ऊबदार येतो,
कडेला वाकडा,
आणि समासात काहीबाही लिहिलेलं:
'गुरुवारी नवा गेम आला. सहा गेले.
बर्फ गुडघाभर. बुधवारी दोनच गिऱ्हाइकं,
त्यातलं एक नुसतं स्टोव्हपाशी उभं राहायला.'
किंवा:
'एका पोराने जुना कन्सोल विकायला आणला.
आत त्याचा अर्धा राहिलेला खेळ तसाच होता.
घेतला नाही. पुरा करून ये म्हटलं.'

समास मोजायचा नसतो,
ओगुची बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
मी सहा उतरवून घेते.

बुधवारी यादी बाहेर पडते, तीस ओळींची.
पहिला असतो कुठल्यातरी तलवारीचा सातवा भाग,
दुसरं फुटबॉल,
तिसरा तो शेतीचा गेम, चार वर्षं ठाण मांडून बसलेला,
घरजावयासारखा.
मग फोन सुरू होतात. कुणाचा शेअर चढला,
कुणाची तारीख पुन्हा पुढे गेली,
कोण म्हणतं डबे आता संपलेच,
सगळं हवेतून उतरवून घेतात लोक.
एकतिसावा कोण होता, हे मात्र कुणी विचारत नाही.
ते मला एकटीलाच ठाऊक असतं.

फेब्रुवारीत सेंदाईच्या एका कंपनीची बातमी आली.
चार ओळी. कर्ज, टाळं, अकरा माणसं.
त्यांचा शेवटचा गेम तोवर ट्रकमध्ये चढला होता,
आणि ट्रक बातमीपेक्षा हळू चालतो,
म्हणून तो तीन दिवसांनी दुकानांत पोचला.
रात्री बर्फ काढणाऱ्या गाडीचा गेम.
शत्रू नाही, गुण नाहीत.
पहाटेपर्यंत रस्ता मोकळा करायचा
आणि आरशात पाहावं तर
मागे तो पुन्हा भरत चाललेला.

त्या सोमवारी मोरिवाकींच्या कागदावर त्याच्यापुढे: एक.
आणि समासात:
'मीच घेतला.
धाकटा भाऊ एकवीस हिवाळे हीच गाडी चालवायचा.
गिअर बदलल्यावर आवाज जरा उशिरा येतो.
ह्यांनी तो तसाच उशिरा आणलाय.'

दुकानदाराने स्वतःसाठी घेतलेली प्रत धरायची नाही.
नियम चौदा. माझ्याच अक्षरात भिंतीवर आहे.
आणि दुसरा नियम असा, की गाव लहान, दुकान लहान,
तर तिथल्या एकाचे आम्ही अडतीस करतो,
कारण मोरिवाकींच्या मागे
आम्ही कधीच न विचारलेली किती गावं उभी आहेत.

मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले.
अडतीस म्हातारे दिसायला लागले मला,
अडतीस स्टोव्ह, काचेवर अडतीस श्वास,
कुणाचा भाऊ, कुणाचा बाप, कुणाचं कुणीच नाही,
सगळे कान देऊन
त्या उशिरा येणाऱ्या आवाजाकडे.
मग बेरीज केली, शाळेत शिकवली तशी,
डोक्यावर हातचा एक मांडून.
हातचा उत्तरात दिसत नाही.
विसरलात तर पुढचं सगळं चुकतं.

ओगुची बाई चहा घेऊन मागून गेल्या.
थांबल्या. गेल्या.

बुधवारी यादी निघाली. तीस ओळी.
आमचा एकतिसावा, बारा प्रतींनी राहिलेला.

त्या रात्री, बारा वर्षांत पहिल्यांदा,
मी त्याच नंबरवर उलटा कागद सोडला:
'आवाज कोणत्या बाजूने येतो?'

पुढच्या सोमवारी नऊ वाजता:
चार, शून्य, दोन, शून्य, एक.
समासात एकच शब्द,
'डावीकडून.'