टेकू

खांब कधीच नाहीसा झालाय.
उरलाय तो खांब नसल्याचा डाग:
पिवळ्या मातीत काळपट, ताटाएवढा गोल.
ब्रोनिस्लावाबाई गुडघे टेकून थापीने तो हलकेच तासतात,
पाणी फवारतात, आणि मला म्हणतात,
"काढ चटकन. सुकला की पुन्हा नुसती माती."

मी कागदावर गोल काढते.
असे एकेचाळीस गोल, दोन रांगा.
रांगांमधल्या रिकाम्या जागेला
आम्ही आता घर म्हणतो.

सात हजार वर्षं जुनं. पलीकडे बीटाची शेतं,
आणि नोव्हेंबरात इथून जाणाऱ्या महामार्गाच्या
लाल टोकाच्या खुंट्या, आधीच ठोकलेल्या.

वायव्य कोपऱ्यात मात्र हिशेब चुकतो.
तिथे एका गोलाला दुसरा गोल चिकटलाय,
कडेचा घास घेऊन,
ग्रहण नुकतं लागलेल्या चंद्रासारखा.
वहीत शक्यता लिहिल्या. दार. गोठा.
तिसरीपुढे प्रश्नचिन्ह, आणि त्याच्याही पुढे
कुणीतरी पेन्सिलीने: पूजा?

झेनोन जेसीबीवाला काठावर उभ्यानेच जेवत होता,
राईचा पाव, खारवलेली काकडी.
खड्ड्यात तो उतरत नाही.
म्हणाला, "टेकू आहे तो."

मग काकडीनेच दिशा दाखवली:
वारा तिकडून येतो. तळ्यावरून. मार्चमध्ये.
आमच्या बापाचं कोठार त्याच अंगाला कलायचं.
जुना खांब बुडाशी कुजतो, पण काढायचा नाही.
आधी शेजारी नवा रोवायचा,
त्याने भार घेतला का, हाताने ढकलून बघायचं,
मगच जुन्याला सोडायचं.
बापाने सोडलाच नाही. पंचवीस वर्षं दोघे उभे.

त्सेहाय ऐकत होती. ती गोंदरकडची,
उन्हाळ्यापुरती इथे आलेली.
"आमच्याकडे घरं गोल," ती म्हणाली, "वाराही वेगळा.
पण ढकलून बघतात. माझी मावशी तर खांद्याने."
आणि तिने खांदा लावून दाखवला, हवेला.

मला छप्पर दिसलं, असं मी म्हणणार नाही.
दिसली ती फक्त घाई:
अंधार पडायच्या आत कोणीतरी, बहुतेक दोघं,
एक वर बघतोय, एक माती चोपतोय,
आतून कुणी ओरडतंय, पोराला आधी बाहेर काढा,
आणि कुजकं लाकूड करकरतंय.
कोणत्या भाषेत ओरडले,
त्याचा डाग मातीत पडत नाही.

'पूजा?' मी खोडलं नाही.
खाली लिहिलं: टेकू. तळ्याकडचा वारा.
सांगणारा, झेनोन, जेसीबी.

संध्याकाळी तोच वारा सुटला.
आमच्या ताडपत्रीचा एक बांबू कलायला लागला.
झेनोनने इकडेतिकडे पाहिलं,
महामार्गाची एक लाल खुंटी उपटली,
बांबूशेजारी ठोकली, दोरीने आवळली,
आणि हाताने ढकलून पाहिली.