नमुना क्रमांक सात

तीन जिल्हे, एक जीप.
डिझेलचं बिल मार्चपासून अडकलेलं,
म्हणून रज्जाकच्या मेव्हण्याच्या मोटारसायकलवर
मांडीवर थंडपेटी धरून मी.
पेटीत बर्फ नाही.

राखेच्या बंधाऱ्याखालून नाला येतो.
पहिल्या वर्षी त्याला उपमा सुचायच्या.
आता फॉर्म भरतो.
रंग: राखाडी. वास: नाही. वेळ: अकरा चाळीस.

पलीकडे सगुणाबाई आत्राम गंज घासत होती.
"चुलीची राख नाई लागत आता,
नालाच देते," म्हणाली,
आणि हसली नाही.
"मांगच्या साली बी नेलं होतं जी तुमी शिशीत पानी.
त्याचं काय झालं?"

नागपूरला जातं, म्हटलं. तपासतात.
मग अहवाल मुंबईला. मग नोटीस निघते.
"कोनाले?"
वीजकेंद्राला.
"थे कोनाचं हाये?"
सरकारचं.
"अन् तुमी?"

मी बाटलीचं झाकण
पुन्हा एकदा आवळलं.

(ती नोटीस मीच टाइप केली होती.
मधेच वीज गेली, तेव्हा
वीजकेंद्राला शिवी घातली होती.)

नियम सांगतो, नमुना चार अंशांवर ठेवावा.
बाहेर सेहेचाळीस.
गावात गुरुवारचा बाजार,
चिंचेखाली पुनाराम कोहचाडेचा गोळ्याचा गाडा.
त्यानं लादीवरची गोणपाटं सारली,
दाभणानं मोठा तुकडा फोडला,
पैसे घेतले नाहीत.
"सरकारी कामाले पैसे कायचे?"

भोवती पोरं, लालभडक जिभा
एकमेकांना दाखवत.
लादी कुठून आणता, सहज विचारलं.
त्यानं दाभणानंच दाखवलं:
वळणावरचा कारखाना,
पत्र्याचं छप्पर,
आणि नाल्याच्या काठाला टेकलेली बोअर.

सहा बाटल्या. सहा लेबलं. सह्या.
मोटारसायकल खड्ड्यात आदळली की
पेटीत बर्फ आणि नमुने
एकमेकांवर वाजायचे,
जुनी ओळख असल्यासारखे.

फाट्यावर बस यायला वेळ होता.
पेटी उघडली. निम्मा बर्फ वितळलेला,
तळाशी पाणी, त्यात खाली बसलेलं
बारीक, करडं काहीतरी.
एक बाटली जास्तीची होती.
भरली. लिहिलं: नमुना क्रमांक सात.
तारीख लिहिली. वेळ लिहिली.

स्थळ या रकान्यापाशी
पेन टेकवून बसलो,
आणि ते गोळेवाल्या पोरांपैकीच एक
सायकल हातात धरून
माझ्याकडे बघत उभं राहिलं,
जीभ अजून लाल.