आपसूक

बारा वर्षं ब्रेकर धरतोय माझा नवरा.
आडिवऱ्यापासून कशेळीच्या सड्यापर्यंत
जिथे जांभा फोडून विहीर पाडायची
तिथे दत्ताराम गोताडला बोलावणं.
कॉम्प्रेसर बंड्या पांचाळचा, हात याचे.

खाली उतरला की वरून टोपी दिसते
आणि आवाज. आवाजाचं काय,
तो पाचला बंद होतो.
संध्याकाळी कप हातात दिला
तर चहावर बारीक वलयं उठतात,
भरतीच्या खाडीत शेवटं फिरल्यागत.
तिकडे मशीन केव्हाच गार झालंय
आणि हा पडवीत अजून चालू.

पौषात पहाटे बोटं जातात.
"गेली," म्हणतो, लाईट गेल्यासारखं.
आधी करंगळी, मग तिच्या शेजारची,
पेरापेरांनी पांढरी, मेणाची.
मी त्याला चुलीपुढे बसवते.
लाल होतात, मग आग आग, मग शिव्या.
शिव्या आल्या की मला बरं वाटतं.

माझी बोटं काळी. काजूच्या फॅक्टरीतलं तेल,
साल जाते, साल येते.
पण तेल डोळ्यांना दिसतं तरी.

बोटांसाठी नव्हतोच गेलो राजापूरला.
गेलो ते रात्रीसाठी.
थंडीत तळवे ओले,
हा गाढ झोपलेला
आणि छातीत कुणीतरी धावतंय.
दिवसभर नांगराला जुंपलेला बैलही
रात्री गोठ्यात बसतो, रवंथ करतो.
ह्याचं काळीज बसतच नाही.

काझी डॉक्टरीण वयाने लहान.
छातीला तारा लावल्या. श्वास घ्या, सोडा.
आता उभे राहा.
आता हात थंड पाण्यात.
बादली हॉस्पिटलची, बर्फ मासळीबाजारातला;
दत्तारामच्या हाताला घरी येईपर्यंत
बांगड्याचा वास.

कागद बघून म्हणाली, "ठोके फार एकसारखे आहेत."
मी म्हटलं, मग चांगलंच ना?
"नाही हो. श्वास आत घेताना थोडे घाईत हवेत,
सोडताना थोडे सैल.
अंगातली काही कामं आपण सांगत नाही,
ती आपसूक चालतात. घाम, ठोके,
रक्त कुठे धाडायचं, कुठलं अडवायचं.
एक पळ म्हणणारा असतो, एक बस म्हणणारा.
मशीनची थरथर वर्षानुवर्षं हातातून आत गेली
की पळ म्हणणारा जागाच राहतो."

आम्ही दोघं गप्प.
मग हा म्हणाला, "पाझरावानी मग."
तिला कळेना.
"जांभा संपला, शेडी लागली की पाझर सुटतो.
मी खाली कान देऊन बसतो ना.
दोन थेंब पटकन, एक उशिरा,
मग कायच नाय, मग तीन.
एका मापात पडायला लागलं
तर समजायचं, वर कुणाचा तरी पाइप फुटलाय.
झरा नाय तो."
डॉक्टरीण लिहायची थांबली.

लिहून दिलं ते असं: तंबाखू बंद,
हात ऊबदार ठेवा, मोजे घाला,
ब्रेकर शक्यतो नको, धरलाच तर मधे मधे थांबा.
शक्यतो, हा शब्द त्याने एसटीत
तीनदा म्हणून बघितला.

तंबाखू सुटली. म्हणजे माझ्यासमोर सुटली.
सोमवारी नाट्याला नवी विहीर, तीस फूट.
बंड्याला मीच फोन केला,
अर्धा दिवस दुसऱ्या कुणाला धरू दे.
बंड्या म्हणाला, बघू.

रात्री मी कान लावते.
धाव धाव, एका मापात.
बस म्हणणारा झोपलाय, म्हणून मीच म्हणते,
हळू, गोठ्यात म्हणतात तसं:
बस रे. बस.
एखादा ठोका उशिरा आल्यासारखा वाटतो.
मला वाटतो.
हाताची बोटं मात्र माझ्या पाठीवर
झोपेतसुद्धा दगड शोधतायत.