काही कारण नसताना

एन्डेलनं घर विकलं आणि दुसऱ्या दिवशी
माझ्या दारात येऊन म्हणाला,
"हेल्वे, काढून दे. फार मोठं नको,
कुरेसारेच्या खोलीत एकच भिंत मोकळी आहे."

जुनिपरच्या झुडपापाशी स्टूल मांडलं.
आधी आकाश उरकलं. आमच्या बेटावर आकाशाला
फारसं काही सांगायचं नसतं,
राखाडीत जरासा निळा, की झालं.
मग लव्हाळ्यांनी शाकारलेलं छप्पर,
उत्तरेकडून शेवाळलेलं;
तो हिरवा सापडेपर्यंत सकाळ गेली.
चुनखडीच्या दगडांचं कुंपण मात्र
हातानं आपसूक रचलं.
असली कुंपणं मी लहानपणी खरीखुरी रचली आहेत.

अडलं ते वाटेपाशी.

फाटकातून निघते सरळ,
बटाट्याचा वाफा, रूबार्ब, कांद्याची ओळ,
आणि मग मोकळ्या गवतात, काही कारण नसताना,
डावीकडे पोट काढून वळते,
पुन्हा भानावर येऊन पायरीला लागते.
कॅनव्हासवर ते चुकल्यासारखं दिसायचं.
दोनदा खरवडलं.
तिसऱ्यांदा सरळ केली. कोणाला कळणार आहे?

एन्डेल कॉफी घेऊन आला. बघत राहिला.
"इथनं कोण चालतं?"

मग म्हणाला, तिथं सफरचंदाचं झाड होतं.
ऑगस्टच्या एका वादळात आडवं झालं,
मी सहा वर्षांचा होतो.
फांद्या जाळल्या, बुंधा उपटला, वर गवत पेरलं,
तरी आई बादल्या घेऊन
वळसा घालूनच यायची.
मग आम्हीही.
मग लीया. तिनं तर झाड पाहिलंच नव्हतं,
लग्न होऊन आली आणि
आठवड्याभरात वळायला लागली.
कुत्रंसुद्धा.

"मग झाड काढू का?"
ब्रश पांढऱ्यात बुडवलाच होता मी, बहरासाठी.
"छे," तो म्हणाला, "एकदा काढलंय आम्ही ते.
आता राहू दे."

वाट पुन्हा वाकडी केली.
ओल्या रंगावर ओला रंग, जरा मळकट झाली.
ते बरंच झालं.

गुरुवारी घर घेणारे आले, हेलसिंकीचे,
तरुण जोडपं, त्याच्या हातात मोजायची टेप.
ती फोनवर बोलत फाटकातून आत शिरली,
बटाटे, रूबार्ब, कांदे,
आम्ही दोघं कुंपणाशी कप धरून उभे.
ती मोकळ्या गवतापाशी पोचली तेव्हा
एन्डेलनं मान फिरवली
आणि मला विचारलं,
रंग सुकायला किती दिवस लागतात.