अनामत

शुक्रवारी चारनंतर ताबा,
पुढच्या शुक्रवारी अकराला रिकामं करायचं.
भाडं आठशे चाळीस युरो, अनामत दोनशे,
चादरी आपल्या आपण आणायच्या.
यौको म्हणाला, वेड लागलंय तुला, रायली,
आपल्याच घराचं भाडं भरतेस?
मी म्हटलं, आपलं होतं तेव्हा
छपराचे पैसे काढताना कुठे होतास?
तो गप्प झाला. मग म्हणाला,
मासे तळायचा तवा मी आणतो.

किल्ली आता दगडाखाली नसते.
दाराशी एक पेटी आहे,
चार आकडे दाबले की तोंड उघडते.
मुलं धावत आत गेली.
मी पायरीवर थांबले, बूट कुठे काढायचे
हे ठाऊक नसल्यासारखी.

भिंती पांढऱ्या केल्यात. बरं दिसतं, खोटं कशाला बोलू.
बाबांच्या खुर्चीच्या जागी राखाडी सोफा,
फ्रिजवर प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या सूचना:
सौना तासभर आधी तापवावी.
ओली लाकडं घालू नयेत.
पंप सुरू न झाल्यास मालकांना फोन करावा.

पंप सुरू झाला नाही.
मी वाकून त्याच्या कुशीत एक बुक्की घातली,
डावीकडून, मनगट सैल ठेवून.
तो खोकला, आणि पाणी आलं.
ओत्सो बघतच राहिला. तुला कसं माहीत?
काय सांगणार.
आमच्याकडे काही माणसंही अशीच सुरू व्हायची.

जूनमध्ये इथे रात्र होत नाही.
अकरा वाजले तरी उजेड पाण्यावर बसून,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
डास मात्र जुनेच.
मालक बदलला, हे त्यांना कुणी कळवलेलं नाही.

आईच्या खोलीत झोपले.
आईला हे तळं कधी आवडलंच नाही,
हे ती गेल्यावर मावशीकडून कळलं.
एकतीस उन्हाळे ती धक्क्यावर गालिचे घासत राहिली,
आम्हाला वाटायचं, तिला ऊन सोसत नाही
म्हणून ती पाण्याकडे पाठ करून बसते.

बुधवारी मुलांनी होडी मागितली.
नवी आहे, मागे छोटं इंजिन.
सूचनांत लाइफ जॅकेट आहे, पेट्रोल आहे,
हेल्मी आत्या नाही.
धक्क्यापासून, जुळ्या खोडाच्या बर्चकडे रोख धरून
तीस वेळा वल्हं मारलं
की पाण्याखाली वीतभर एक खडक आहे.
वरून काही कळत नाही.
बाबांनी त्याला बहिणीचं नाव ठेवलं होतं:
बोलत नाही, दिसत नाही, आणि नेमकी लागते.
इंजिनाचे दोन पंखे मोडले तिने,
आणि एका काकांचा दात.

इंजिन बंद ठेवून मी वल्हवत नेलं. मोजत.
अठ्ठावीस, एकोणतीस. वल्ह्याने टोकलं: टक्.
ही तुमची आत्याआजी.
ओत्सोने कोपरापर्यंत हात घातला.
गार आहे, म्हणाला.
हो, तशीच होती.

शुक्रवारी फरशी पुसली, सौनाच्या मोरीतले केस काढले.
टेबलावर पाहुण्यांची वही.
कुणी शांततेचं कौतुक केलेलं,
कुणी कोकिळेची तक्रार,
एका पोराने मिशीवालं अस्वल काढलेलं.
मी पेन उचललं तसा यौको म्हणाला,
खडकाचं नको लिहूस.
एवढं तरी आपलं राहू दे.

अकराला दहा मिनिटं कमी होती.
रस्त्यावर पुढची गाडी येऊन थांबलेली,
मागच्या काचेला चिकटलेलं एक लहान नाक.
मी लिहिलं. बर्च, रोख, तीस वल्ही, वीतभर खोल.
पंपाची बुक्कीही लिहिली.
नाव तेवढं लिहिलं नाही.

दहा दिवसांनी अनामत परत आली, पूर्ण दोनशे.
मालकीणबाईंनी कळवलं:
काही मोडलेलं नाही, काही गहाळ नाही.
एक तवा जास्तीचा सापडला, तुमचा का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.