तीन सेकंदांचं पाणी

मंगळवारी रात्री आठला आम्ही जमतो औनेकडे.
थंडर बे, उणे सत्तावीस.
दाराशी बुटांच्या पाच जोड्या, खाली वितळलेलं डबकं,
टेबलावर गुलाबी लेपाचे पर्शन
आणि भिंतीला जगाचा नकाशा, शाळेने टाकून दिलेला,
त्यात अजून युगोस्लाव्हिया आहे.

आमच्यातलं कुणी फारसं कुठे गेलेलं नाही.
औने एकदा फिनलंडला, आईची राख घेऊन.
रेजां विनिपेगला, दाढ काढायला.
पण त्या दहा जोड्या पाठीवर पिशव्या बांधून
पुढच्या आठवड्यात कुठे धावणार,
हे आम्हाला त्यांच्याआधी कळायला हवं असतं.

भाग संपताना पुढच्याचे तीन सेकंद दाखवतात.
त्यावर आम्ही सात दिवस काढतो.
सावली केवढी. गाड्या कुठल्या बाजूने.
प्लगला भोकं दोन की तीन.
मागच्या हंगामात पावाच्या आकारावरून
औनेने जॉर्जिया ओळखला होता,
आणि डेलबर्टने नुसत्या एका कुत्र्यावरून,
शपथेवर सांगते, अल्बेनिया.

आज: करडं पाणी. गंजकी शिडी.
बिनखिडक्यांच्या उंच भिंतीचा एक तुकडा.
दोर ओढता ओढता रडणारी बाई.
औने रिमोट दाबून पुन्हा मागे नेते.
पाणी, शिडी, भिंत, बाई.
"टालिन," ओलेना म्हणते.
"तास्मानिया! उजेड बघा ना उजेड."
रेजां तर उठून भिंगच आणतो,
पडद्याला नाक लावतो, त्याच्याच श्वासाने
पाण्यावर धुकं धरतं.

मी कपाच्या तळाकडे बघत बसते.

जूनमध्ये, मोटेलच्या सहा नंबरच्या खोलीत,
त्या बाईचे ओले मोजे मी हीटरवर वाळत घातले होते.
ती टबच्या काठावर बसून होती.
"हे खरंच सरोवर आहे? याला पलीकडचा काठच नाही."
आहे, म्हटलं. दिसत नाही एवढंच.
मग एका पोराने माझ्या सह्या घेतल्या, चार पानांवर.
कानोकान खबर नको, नवऱ्यालासुद्धा.
नवरा नाही मला.
तरी करा, म्हणाला.

आठ महिने पोटात ठेवलंय.
ती भिंत चार नंबरच्या धान्यकोठाराची.
औनेच्या टाउनोने तिथे एकतीस वर्षं
जहाजांत गहू चढवला, आणि तिथलीच धूळ
छातीत घेऊन गेला तो.
पडदा सारला तर दिसेल, या खोलीतून.
औने डोळे बारीक करून म्हणते,
"पोलंड असेल. असल्या भिंती पोलंडातच."

काखेत कळसा, म्हणावं तर ओठ शिवलेले.
आणि शिवलेले नसते तरी
बोलले असते का, ठाऊक नाही.

"व्हर्ना, तू का गप्प आज?"
"चिली," मी म्हणते.
चिली! एकच गिल्ला होतो.
ओलेना दोन डॉलरची पैज लावते,
रेजां वाद घालतो की तिथलं पाणी हिरवट,
औने तर इतकी हसते की तिला खोकला येतो.

फक्त डेलबर्ट सावकाश पर्शन मोडतो.
टॅक्सी चालवतो तो. कधी चुकत नाही.
बोटावरचा गुलाबी लेप चाटून म्हणतो,
"चिलीच. तिथल्या शिड्या अशाच गंजतात."
माझ्याकडे बघत नाही.
गेल्या जूनमध्ये त्याने टायर बदलले होते, चारही, नवे कोरे.
पैसे कुठून आले, आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

औने खुर्चीवर चढून चिलीत टाचणी टोचते.
आपलं गाव त्या नकाशात सापडत नाही,
तिथे शाळेचा जांभळा शिक्का आहे.

पुढच्या मंगळवारी पर्शन मी आणणार.
आणि ओलेनाला उठवून
औनेच्या शेजारी मी बसणार.