बाकी सव्वा रुपया

मंगळवार बाजारात लालसाब नदाफ पुस्तकं तोलून देतो,
शेजारच्या कांदेवाल्याच्याच काट्यावर.
अठरा रुपये किलो. पक्क्या बांधणीची वीस,
वर पुठ्ठा जड भरतो तो वेगळाच.

मी घेतलं ते मागदुरुस्तीचं पुस्तक.
कव्हर नाही, पहिली चौदा पानं नाहीत,
सतराव्यावर कामगार वाचनालयाचा जांभळा शिक्का
आणि कसरीनं पाडलेलं एक भोक,
सुईएवढं,
थेट शेवटच्या पानापर्यंत गेलेलं.
हे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचणारी
ती एकटीच असावी.

एकसष्टाव्या पानात पावती होती.
पद्मजा फोटो स्टुडिओ, साखर पेठ.
अकरा जानेवारी सेहेचाळीस, म्हणजे गड्ड्याचे दिवस.
यन्नम नरसम्मा. काच नंबर ११४३.
कॅबिनेट कॉपी तीन. जमा आठ आणे.
बाकी सव्वा
(इथं कसरीचं भोक)
रुपया.

माझी नोकरी पाणीपट्टी वसुलीची.
बाकी हा शब्द दिसला की
हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.
कॉप्या नेल्या असत्या
तर ही पावती स्टुडिओच्या तारेला टोचून राहिली असती.
नेल्या नाहीत.
का नाही, ते पुस्तकात नाही.
पुस्तकात धोटा का अडकतो एवढंच आहे.

पुढच्या मंगळवारी विचारलं,
लालसाब, स्टुडिओच्या जुन्या काचा असतात का रे?
त्यानं पायानं मोसंबीचं खोकं पुढं ढकललं.
तेलुगू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
कडांवर बोट कापणाऱ्या,
कोपऱ्यात बारीक नंबर.
मी एकेक उन्हाला धरली.
नवरी पांढऱ्या केसांची, कोळशाच्या गालांची,
काळ्या दातांनी हसणारी.
११४०, पैलवान.
११४१ तडकलेली, माणूस मानेशी संपतो.
११४२, दोघे भाऊ, टोपी एकाच्याच डोक्यावर,
दुसऱ्याचं सगळं लक्ष त्या टोपीकडे.
मग ११४४.

मधली?

"धुतली असंल," लालसाब म्हणाला.
"गरम पाणी, मूठभर सोडा,
दुधावरची साय सुटावी तशी माणसं सुटत्यात.
काच ऱ्हाती नव्यावानी.
फ्रेमवाले नेतात डझनानं.
साहेब, काचंला गिऱ्हाईक हाय, तोंडाला न्हाई."

मी चार काचा घेतल्या.
साठ सांगितले, पंचावन्न दिले.
ते पाच रुपये अजून मनात खुपतात.

तेव्हापासून मी थकबाकीदारांच्या घरात शिरलो
की आधी भिंतीकडे बघतो,
मान तिरकी करून,
चित्राकडे नाही,
चित्रावरच्या काचेकडे.
साखर पेठेत एका खोलीत
मार्कंडेयानं पिंडीला मिठी मारलेली,
मागं यम, रेडा, फास हवेतच थांबलेला.
विड्या वळणारी बाई सुपातनं मान वर करून म्हणाली,
"काय ओ, देव बघितला न्हाई का कधी?"

साडेपाचचं ऊन खिडकीतून आडवं आलं होतं.
रेड्याच्या शिंगापाशी, काचेत,
लुगड्याच्या काठाची एक घडी दिसली,
चित्रात नसलेली.
किंवा सोड्याचा डाग असेल.
किंवा मला हवी होती म्हणून दिसली असेल,
हौशी माणसाचा काय भरवसा.

वहीत थकबाकी लिहिली, दोनशे दहा.
पेन तिथंच थोडं थांबलं.
बाई म्हणाली, आत्ता नाहीत, पुढच्या महिन्यात या.

नेहमी मी यावर दोन शब्द सुनावतो.
त्या दिवशी बरं म्हणालो.
पुढच्या महिन्यात ऊन
जरा सरकलेलं असेल.